पायवाटेची पाहणी

तुमचे आजोबा सरकारी बांधकाम खात्यात होते. कोणी मोठा माणूस दौऱ्यावर येणार असला, की हे आधी तो सगळा रस्ता स्वतः चालून बघत. खड्डा कुठे आहे, ऊन कुठे लागतं, साहेबांना कुठे बसवायचं, सगळं ठरवून ठेवत. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. गेल्या हिवाळ्यात तुम्ही भोपाळला येण्याचं घाटत होतं, तेव्हा त्यांनी तलावाकाठच्या जंगलातल्या पायवाटेची पाहणी करायचं काढलं.

मागच्या वेळी तुम्ही दोघं लहान होता, म्हणून आपण ते जंगल विजेच्या गाडीतून बघितलं. टेकडीवरच्या मचाणापर्यंत मात्र गाडी जात नाही. "पुढच्या वेळी मी तुम्हाला चालवत नेईन," असं आजोबांनी कबूल केलं होतं, आणि तुम्ही ते फोनवर त्यांना विसरू देत नव्हता.

"मुख्यमंत्री येणार असल्यासारखं काय करताय?" मी म्हटलं.

"मुख्यमंत्री इथंच राहतो गं. मुलांचं तसं आहे का?"

रविवार होता. फाटकाशी शेडमध्ये मुलं प्लास्टरमध्ये वाघाच्या पंजाचे ठसे काढत होती आणि आयाबाप फोटो. आजोबा बराच वेळ बघत उभे राहिले. "धाकटीला हे आवडेल," म्हणाले. शिकवणारी बाई हसून म्हणाली, "दादाजी, आप भी बना लीजिए." "बच्चों के साथ आऊँगा," हे म्हणाले.

पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. चितळांचा कळप दिसला. पुढे बाक आला, तिथे बसलो. पुढच्या बाकावर जास्त वेळ बसलो. डॉक्टरांनी फुफ्फुसांबद्दल जे सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं, त्यांनाही. पण आम्ही ते बोलत नव्हतो. चढ सुरू झाला आणि थोड्याच अंतरावर त्यांनी एका सागाला धरलं. ओठ निळसर झाले होते. मागून आलेल्या एका कुटुंबातला माणूस थांबला.

"अंकल, किसी को बुला दें?"

"नहीं नहीं, हम तो बस रास्ता देख रहे हैं."

ते लोक वर निघून गेले. झाडांमधून मचाण दिसत होतं, वरच्या मुलांचा कलकलाटही ऐकू येत होता. आजोबांनी काठीने जमीन ठोकली. "इथे एक बाक हवा होता."

"खाली आहे की."

"खाली असून काय उपयोग?" ते म्हणाले, आणि वळले.

परत गाडीतून आलो. चालकाने पाण्याकाठची मगर दाखवायला गाडी थांबवली. सगळे उठून उभे राहिले. हे बसून राहिले.

संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. मी मटार सोलत होते, फोन स्पीकरवर होता.

"बाबा, तिकिटं बघतोय. मुलांनी मचाण मचाण करून डोकं खाल्लंय."

"अरे, ती पायवाट बंद केलीय. दुरुस्ती चाललीय. सरकारी काम, कधी संपेल सांगता येत नाही. यंदा राहू दे."

पायवाट गेली उडत, आम्ही तुम्हाला भेटायला येतोय, असं तुमचे बाबा म्हणतील याची मी वाट बघत राहिले.

"हो का?" ते म्हणाले. "मग पुढच्या वर्षीच बघू. माझंही सुट्टीचं जरा कठीणच होतं." आवाज एकदम मोकळा झाला होता.

हे पत्र तुमचे बाबाच तुम्हाला वाचून दाखवतील, तेव्हा त्यांनाही कळेल. कळू दे. पायवाट एक दिवसही बंद नव्हती. आजोबा आता खोलीतून अंगणापर्यंत येतात, तेही रोज नाही. 'पुढच्या वर्षी' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून मी अजून ऐकलेला नाही.

त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर मी विचारलं, "खोटं कशाला बोललात?"

"मुलं मचाण बघायला येणार. बाकावर बसलेला म्हातारा बघायला कशाला यायचं?"

मी शेंगा सोलत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "फार नाराज झाला का गं तो?"

"हो," मी म्हटलं. "फार."