पडदा पाडायची घाई

नाटकाचा पडदा नेमका कधी पाडायचा, हे दोरीकाकांना कुणी शिकवावं लागत नसे. शेवटचं वाक्य प्रेक्षकांच्या मनात उतरेपर्यंत ते दोर धरून उभे राहत आणि मग अलगद सोडत. त्यांची बायको त्याच थिएटरात कपडेपट सांभाळायची. राजाचा झगा असो की भिकाऱ्याची लक्तरं, सगळं तिच्याच हाताखालून जायचं. नटमंडळी तिला टाचणी म्हणत. अंगाने बारीक आणि बोलली की टोचणार. विंगेतल्या खिडकीपाशी दिवसभर हात मशीनवर आणि जीभ नवऱ्यावर, असा तिचा संसार.

तीच टाचणी एके दिवशी तापाने फणफणली. डोळ्यांमागे ठणका, अंगाची लाकडं झालेली. काकांनी रंगपटातल्या पेटीतून गोळी काढली. गुडघे धरलेल्या नटालाही नाचायला लावणारी ती जालीम गोळी. नशीब असं, की ती देण्याआधी त्यांनी बायकोला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. बाईंनी गोळी काकांच्या मुठीतून काढूनच घेतली. असल्या दुखणं मारणाऱ्या गोळ्यांनी या तापात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून फक्त साधं पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, सरबत. मग त्यांनी काकांना समोर बसवलं.

"खरी भीती ताप उतरल्यावर असते, काका. तेव्हा त्यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघा. पोट दुखलं, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले, हिरड्यांतून रक्त आलं, तर विचार करत बसू नका. उचला आणि घेऊन या."

काकांनी मान डोलावली. पण ताप उतरला की माणूस बरा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. काही दिवसांनी टाचणीचं कपाळ गार लागलं, तसं काकांच्या लेखी नाटक संपलं. त्यांनी साऱ्या थिएटरला बातमी दिली, दरवानाला चहा पाजला. टाचणीही येऊन मशीनपाशी बसली. राणीची बाही उसवली होती. काका म्हणाले, आज राहू दे. तिचं उत्तर तयार होतं: उघड्या दंडाची राणी बघायची हौस असेल, तर राहू देते.

पण सुईत दोरा ओवता ओवता तिचा हात पोटावर गेला. उलटी झाली, पाठोपाठ आणखी एक. काकांनी पाय धरले, तर गारठलेले. गडबडीत त्यांच्या हातून तिच्या कापडावर तांब्याभर पाणी सांडलं आणि ती चकार शब्द बोलली नाही. काकांनी तिला तशीच उचलली. नाटक संपलंच नव्हतं. पडदा त्यांनीच घाईने पाडला होता.

इस्पितळात सलाईन लागलं. रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपत होतं, रक्तदाब खाली गेला होता, लघवी थांबली होती. ती सुरू झाली की जीवात जीव येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, की तुमच्याकडे पाणी कुठे साठतं? डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. काका सांगू लागले, की घरातलं पिंप झाकलेलं असतं, आणि मधेच त्यांना विंग आठवली.

विंगेत, टाचणीच्या मशीनला लागूनच, आगीसाठी लाल बादल्यांची रांग होती. बादली अर्धी दिसता कामा नये, हा काकांचा बाणा. रोज वरून पाणी घालून ते त्या काठोकाठ ठेवत. तळ मात्र त्यांनी कधी बघितलाच नव्हता.

ते तसेच थिएटरात गेले. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. त्यांनी एकेक बादली उपडी केली, कडेला चिकटलेली अंडी जावीत म्हणून काथ्याने खसाखसा घासली आणि पाण्याऐवजी वाळू भरली. परत येऊन खाटेशी बसले आणि सगळं सांगून टाकलं.

"तुझ्या जिवावर मीच उठलो होतो गं."

टाचणीने डोळे उघडले नाहीत. "आग लागली असती, तर त्याच बादल्या घेऊन तुम्हीच धावला असतात. रडू नका आता. पाय दाबा."

काका पाय दाबत राहिले. बऱ्याच वेळाने तिने खुणेने जवळ बोलावून कानात काहीतरी सांगितलं. ते धडपडत नर्सला घेऊन आले आणि पडद्याबाहेर थांबले. मग, जन्मात रंगमंचावर एक शब्द न बोललेले दोरीकाका वॉर्डाच्या मधोमध उभे राहिले आणि शेवटच्या खाटेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाले, "डॉक्टरीणबाई, आमच्या हिला लघवी झाली."

सगळा वॉर्ड हसला. टाचणीने चादर तोंडावर ओढली.

"अहो, हळू," ती आतून म्हणाली. "लोकांनी तिकीट नाही काढलेलं."