नवरीच्या नावाआधीचा श्वास

हौसाबाय आमच्या जिते गावची धवलारीण. खाडीकडच्या लग्नात भटाच्या आधी धवलारीण लागते. ती धवले गाते, म्हणजे गाण्यातून देवांना बोलावते, गेलेल्या वडीलधाऱ्यांना बोलावते, मग नवरा-नवरीचं नाव घेते. हौसा म्हणते आणि मी, सरू, मागून उचलते. मिठागरावर मीठ ओढता ओढता जुळलेला आवाज हाय आमचा, असातसा नाय.

हौसाची एक खोड हाय. नवरीचं नाव घेण्याआधी ती थांबते आणि खोल श्वास घेते. तिच्या सासूनं शिकवलेलं, पोरीचं नाव घाईत घ्यायचं नाय, ती घर सोडून चाललीय.

प्रणित तिच्या बहिणीचा पोरगा. बहीण गेली, तसा हौसानंच वाढवला. पुढं टीव्हीवर गेला, मालिकेत हिरो झाला, आम्ही जेवणं आवरून कौतुकानं बघायचो. मागच्या वर्षी एका विनोदाच्या कार्यक्रमात मेल्यानं उचलली जीभ नि लावली टाळ्याला. म्हणाला, "आमच्याकडे लग्न बेवडी बाई लावते. क्वार्टर मारल्याशिवाय तिला देव आठवत नाय." आणि डोक्यावर पदर घेऊन हौसाची नक्कल केली. बरोब्बर तिच्या श्वासाच्या जागी उचकी काढली. हौसानं जन्मात थेंब घेतला नाय हो.

लोक खवळले. पेणला मोर्चा निघाला, मालिकेतून त्याला काढलं. बरी जिरली, मी म्हणाले. पण त्या लग्नसराईत हौसाला एकाही घरचं बोलावणं आलं नाय. त्यातच शेजारच्या अनिताच्या प्रतिक्षाचं लग्न ठरलं, रोह्याला, नवरा धाटावच्या कंपनीत. प्रतिक्षा हौसाच्या मांडीवर वाढलेली. "तिचं नाव मलाच घ्यायचंय गो," हौसा रोज म्हणायची. अनिता मात्र नजर चुकवायची. सासरचे हसतील, ही तिची भीती.

मग प्रणित आला माफी मागायला, मागं कॅमेरेवाले. ओटीवर हौसाच्या पायांवर पडला, रडला. खोटं कशाला बोलू, खरंच रडला. हौसा म्हणाली, "चुकलास रे. पण तुला टाकू कुठं?" तेवढ्यात कॅमेरेवाला म्हणाला, आवाज नीट आला नाही, परत एकदा. तो परत पडला. हौसानं परत तेच म्हटलं. माझं डोकंच फिरलं. माफी काय शेतातला पाल्याचा राब हाय, एकदा नाय पेटला तर परत पेटवायला?

ती माफी सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. लोकांचे डोळे भरले, पोरगा सुधारला म्हणाले. त्याला नवी मालिका मिळाली, गुणी मुलाचं काम. आणि माफी दाखवायची म्हणजे आधी ती नक्कलही दाखवायला लागायची, नायतर माफी कशाची ते कळायचं कसं? ज्यांनी नक्कल पाहिली नव्हती त्यांनीही ती पाहिली.

मग अनिता आपणहून आली. "आता तूच हवीस गो, मोबाइलवर बघून सासरचेच मागतात." हौसानं ठेवणीतलं लुगडं काढलं. मला वाटलं, सुटली बिचारी.

रोह्याला मांडव भरलेला. हौसाचा आवाज लागला तसे लोक गप्प झाले. देव आले, वडीलधारे आले. प्रतिक्षाच्या नावापाशी हौसा थांबली, श्वास घेतला. आणि अख्ख्या मांडवानं उचकी काढली. वाईट मनानं नाय, लाडानं. नवऱ्याकडच्या बाया हसल्या, मोबाइल धरून उभे असलेले बाप्ये हसले. प्रतिक्षापण हसली, हळदीच्या हातानं तोंड झाकून. कुणी शिवी दिली असती तर मी त्याच्या झिंज्या उपटल्या असत्या. हसणाऱ्याशी भांडायचं कसं?

हौसाचा श्वास तसाच आत राहिला. नवरीचं नाव मी घेतलं.

परतताना टेम्पोत ती हळूच म्हणाली, "सरू, मी खरंच तशी करते काय गो?"

"नाय गो," मी म्हणाले.

पण मांडव हसायच्या आधी, ती थांबली तेव्हा, माझ्या कानांनीपण उचकीच ऐकली होती. हे तिला कसं सांगू?