खिचडीवरची चर्चा

मानवी हक्कांवर चर्चा करायची तर आधी नारळ फोडावा लागतो, हे मला कोल्हापूर जिल्ह्यानं शिकवलं. नारळ, मग दीपप्रज्वलन, मग व्यासपीठावरच्या झाडून सगळ्यांना फेटे, मग प्रास्ताविक. एवढं होईस्तोवर हक्कांची आठवण कुणाला राहणार? सगळ्यांचं लक्ष कुणाचा फेटा सैल बसलाय तिकडं.

मी तेव्हा शहरातल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि रविवारी एका चित्रपट मंडळातर्फे समाज सुधारायचे. नव्वदच्या सुमाराला आम्ही सुरुवात केली, तेव्हा भाड्याचा टीव्ही आणि व्हिडिओ जीपमध्ये घालून गावोगाव हिंडायचो. मंडळाचे प्रमुख एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. दुसरा एक दाढीवाला. त्याच्याकडं स्वतःचा कॅमेरा होता, त्यामुळं त्याला मतंही खूप होती. आणि मी. सिनेमा संपला की लोकांना बोलतं करायचं, हे माझं काम. सर म्हणायचे, "सिनेमा ही नुसती काडी, बाई. पेटवायचं तुम्ही." दहा-बारा वर्षं आम्ही काड्या ओढल्या. कुणाची विडीसुद्धा पेटली नाही.

कारण चर्चा सगळीकडं एकच व्हायची. जयसिंगपुरात सिनेमा दाखवला की एखादे व्यापारी उठून म्हणायचे, "विषय चांगला हाय, पण आमच्याकडं असलं काय न्हाय. तिकडं कागल-मुरगूडकडं असंल." कागलला गेलो की कागलकर म्हणायचे, शिरोळ तालुक्यात असंल. अन्याय म्हणजे नेहमी पुढच्या गावची जत्रा. आम्हीही वहीत लिहायचो, 'प्रतिसाद उत्तम'. खरं तर उत्तम असायचा तो नाष्टा.

दोन हजारनंतर एका कॉलेजातून मागून आणलेला प्रोजेक्टर आमच्या हाती आला, आणि आमच्या अंगात वारं शिरलं. आता मोठा पडदा! मुरगूडच्या अलीकडं एक गाव आहे, तिथल्या शाळेत कार्यक्रम ठरला. दुपारची वेळ, लोडशेडिंग नसलेली. शाळेच्या लांबलचक हॉलच्या खिडक्यांना घोंगडी लावून अंधार केला होता. शाळा समितीचे अध्यक्ष जातीनं हजर. दूध संस्थेतही तेच, तालमीतही तेच, आणि त्या दिवशी आमच्या कार्यक्रमाचे अध्यक्षही तेच. पडद्याची चादर त्यांनी हॉलच्या मधोमध बांधून घेतली आणि मला कौतुकानं म्हणाले, "बायकांची सोय पलीकडनं केलीया, बाई. दोन्हीकडनं दिसतंय की."

दिसत होतं, खरंच. फक्त पलीकडनं उलटं. उजवा हात डावा दिसायचा आणि पाट्यांवरची अक्षरं उलटी. आणि पलीकडं नुसत्या बायका नव्हत्या. बौद्धवाड्यातली सगळी माणसं, बाप्येसुद्धा, तिकडंच बसवली होती. सिनेमा कशावर होता? शाळेत जेवताना काही मुलांना वेगळ्या पंगतीला बसवतात, त्यावर. म्हणजे वेगळ्या पंगतीचा सिनेमा आम्ही दोन वेगळ्या पंगती करून दाखवला. मला ते लगेच दिसलं. मी सरांच्या कानाशी लागले. सर म्हणाले, "लोकांच्या कलानं घ्यावं लागतं. आधी विश्वास, मग प्रश्न." मला ते फार परिपक्व वाटलं होतं. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली एक वाजवावीशी वाटते.

सिनेमा संपला. अध्यक्षांनी फेटा सावरत मत दिलं, "चांगला शिनेमा हाय. पर आमच्या गावात असलं काय न्हाय. समदी गुण्यागोविंदानं ऱ्हात्यात." इकडच्या बाजूनं माना हलल्या. मग मी उठले. मला त्या वेळी फार घमेंड होती माझ्या कलेची. म्हटलं, "फेटेवाले बोलले. आता बिनफेट्याच्यांनी बोला की!" लोक हसले. मी आणखी चेकाळले. "बोला, घाबरू नका. इथं बोललं म्हणून कुणाला काही त्रास होणार नाही." हे मी कुणाच्या जिवावर सांगितलं, देव जाणे. मी ना त्या गावची, ना तालुक्याची. पण माइक हातात आला की माणसाला वाटतं, सरकार आपणच.

"माझं काय ते सांगू काय?" पांढऱ्या चादरीतनं आवाज आला. इकडच्या लोकांना क्षणभर वाटलं, सिनेमा अजून संपलाच नाही.

"सांगा की," मी म्हणाले.

"शाळंत खिचडी मी शिजवतीया. आमच्या बचत गटाकडं काम हाय. पयल्या हप्त्यात समदी पोरं जेवली, पातेलं निपटून खाल्ली. मग कुणाच्या तरी आईला कळलं, बौद्धवाड्यातली बाई शिजवतीया म्हणून. आता आमची पोरं तेवढी जेवत्यात, गावातली घरनं डबा आणत्यात. उरलेली खिचडी रोज म्हशीला जातीया. म्हस अध्यक्षांची हाय. म्हशीला माझ्या हातचं चालतंय, आणि तिच्या दुधाचा च्या समदं गाव पितंय."

पलीकडं एक बाई फिस्सकन हसली, मग चार जणी हसल्या. सरांचे डोळे भरून आले. दाढीवाला कॅमेरा जीपमध्ये राहिला म्हणून स्वतःला शिव्या घालत होता. आणि मी? मी म्हटलं, "टाळ्या!" अहो, सगळ्यांनी वाजवल्या. अध्यक्षांनीसुद्धा. वर म्हणाले, "बाईचं म्हणणं आमी मनावर घेतलंय."

घेतलंच त्यांनी मनावर. आठ दिवसांत खिचडीचं काम दुसऱ्या गटाला गेलं, 'गावात वाद नको म्हणून'. नव्या गटातली बाई गावातली होती. डबे बंद झाले, सगळी पोरं एका पातेल्यातनं जेवायला लागली, आणि अध्यक्ष सांगत सुटले, बघा, आमच्या गावात कशी समता आली.

हे मला तिनंच येऊन सांगितलं. मधल्या सुट्टीत माझ्या शाळेच्या फाटकाशी उभी होती. तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं; त्या दिवशी चादरीपलीकडचा नुसता आवाज ऐकला होता. पस्तिशीची, उंच, कपाळावर आठी. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"बाई, तुमी बोला म्हणलासा, मी बोलली. आता तुमी बोला."

"बोलतो की," मी म्हणाले. "आमचं मंडळ आहे ना."

मंडळानं एक अर्ज लिहिला. अर्ज पुढं पाठवल्याचं पत्र आलं. मग ते पुढं पाठवल्याचं आणखी एक आलं. दाढीवाला म्हणाला, अर्जानं काय होणार, यावर फिल्मच करू या. सर म्हणाले, उत्तम. मीही म्हणाले, उत्तम. बाईचं काम गेलं होतं आणि आम्हाला काम मिळालं होतं.

दोन दिवस तिच्या घरी चित्रीकरण चाललं. चुलीवर खिचडी शिजवतानाचा प्रसंग तीनदा घेतला, कारण वाफ नीट दिसत नव्हती. दाढीवाल्याच्या नाचण्याकडं बघून ती हसली, तर हा म्हणतो, "ताई, हसू नका, विषय गंभीर आहे." ती म्हणाली, "विषय माझाच हाय न्हवं?" ते वाक्य त्यानं कापलं. शेवटी ती खिचडी आम्ही सगळ्यांनी तिच्या सोप्यात बसून बोटं चाटत खाल्ली. लसणाची फोडणी, वर कच्चं तेल. काय चव होती! आणि आपण ती खाल्ली याचा आम्हाला एवढा अभिमान वाटला, की कोल्हापूर येईपर्यंत जीपमध्ये दुसरा विषय नव्हता. जेवायलासुद्धा टाळ्या लागतात अशी माणसं आम्ही.

मग ठरलं दोन दिवसांचं शिबिर. पुण्या-मुंबईची माणसं येणार, या फिल्मनं सुरुवात होणार, आणि तिचा सत्कार. आमंत्रण घेऊन मी गेले. तिनं पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"शाल मला नको. तुमच्या शिबिराचं जेवान माझ्याकडं द्या."

मला पटकन कळलंच नाही. ती चुलीपुढं बसली होती, तिनं मला बोटावर हिशेब करावा तसं एकेक समजावून सांगितलं. "शंभर माणसांचं मी करते, गटातल्या चौघी येत्यात. शाळंत तेवढं रोजचंच हुतं. आमच्या अध्यक्षालाबी बोलवा. बोलवलं की त्यो येतोयच, त्याला बिन बोलावल्याचंबी चालतंय. पंगतीला बसवा पुण्या-मुंबईच्या साहेबांच्या शेजारी. वाढायला मी. साहेब जेवतोय म्हटल्यावर हा कसा उठतोय बघू. आणि एकदा समद्यांच्या देखत जेवला, की गावात काय तोंडानं सांगंल माझी खिचडी चालत न्हाय म्हणून? मी माझं काम परत मागते मग."

बारा वर्षांत आमच्या मंडळात कुणाच्या डोक्यात असं काही आलं नव्हतं. फिल्म नको, अर्ज नको, भाषण नको. एक पंगत. त्या माणसाला फेट्यासकट कुठं धरायचं, हे तिला नेमकं ठाऊक होतं. "झालंच म्हणून समजा," मी म्हणाले. पुन्हा माझंच तोंड.

मंडळाची बैठक सरांच्या गच्चीवर झाली. मी सगळं सांगितलं. सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "कल्पना हृद्य आहे. पण ज्या स्त्रीचा आपण सन्मान करतोय, तिलाच चुलीपुढं बसवायचं? हे तिच्या प्रतिष्ठेला धरून नाही." दाढीवाला म्हणाला, "बाहेरच्यांना काय वाटेल? फिल्ममध्येही तीच शिजवते आणि बाहेरही तीच. दिसायला बरं दिसत नाही." शिबिराची व्यवस्था बघणाऱ्या एक काकू होत्या, फार सुशिक्षित, फार मृदू. त्या म्हणाल्या, "शंभर माणसांचं जेवण आहे. पाणी, स्वच्छता, सगळं बघावं लागतं. म्हणजे मी *तसं* म्हणत नाही." सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या. कुणीच तसं म्हणत नव्हतं. 'तसं' म्हणजे कसं, हे विचारायला तिथं एक बाई बसली होती, गावोगाव जाऊन लोकांना बोला, घाबरू नका, म्हणणारी. ती इतिवृत्त लिहीत होती. मी लिहिलं, 'जेवण : नेहमीचे आचारी'. अक्षर चांगलं आहे माझं.

का नाही बोलले? सरांचा आदर, म्हणायची सोय आहे. पण तसं नाही. मला वाटलं, आपण बोललो तर आपल्याला बाजूला काढतील. माइक जाईल. मंडळाबाहेर मी कोण? नववी 'ब'ची मराठीची बाई. तिचं चुलीवरचं काम गेलं तर गेलं, माझं व्यासपीठावरचं राहिलं पाहिजे, एवढं साधं होतं ते. लाज वाटते, पण हेच होतं.

पुढच्या रविवारी मी तिला सांगायला गेले. पत्र पाठवता आलं असतं, पण म्हटलं, एवढं तरी तोंडानं सांगावं. ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती, सूप मांडीवर. मला बघून तोंडभर हसली. "काय ठरलं? किती माणसं हाईत?"

मी सांगितलं. सर काय म्हणाले ते, दाढीवाला काय म्हणाला ते, काकूंचंही. काही लपवलं नाही, उगीच गोडही केलं नाही. ती तांदूळ निवडतच होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "आणि तुमी? तुमी काय म्हणलासा?"

"मी काही बोलले नाही."

तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता शिव्या घालेल, आणि खरं सांगते, मला त्या हव्या होत्या. ती उठली, पदराला हात पुसले, आणि अंगणाच्या कडेला जाऊन रस्त्याकडं बघितलं.

"मग जावा आता. येष्टी येईल."

आमच्या भागात वैऱ्यालाही चहा पाजल्याशिवाय दारातनं उठवत नाहीत. एस.टी.ला अजून तासभर होता. ते तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मी चपला घातल्या आणि फाट्यावर येऊन उन्हात उभी राहिले.