पळीभर अल्कोहोल

तिसऱ्या वर्षीही मी आपली हंगामीच. सोलापुरातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, आणि मला कायम करण्याचा कागद संस्थेच्या अध्यक्षांच्या सहीवाचून अडला होता. अध्यक्ष दुधनीचे अडत व्यापारी, आयुष्यभर दारूबंदीचा प्रचार केलेले. त्यांच्यासमोर व्याख्यान द्यायचं ठरलं, आणि मी विषय कुठला निवडावा? तारे जन्मतात त्या ढगांत सापडलेलं अल्कोहोल! अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

सत्तरचं दशक, शोध अगदी ताजा. मी फळ्यावर रेणू काढला. हा गरगर फिरताना स्वतःच्या ठरावीक रेडिओलहरी सोडतो, मोठ्या दुर्बिणीनं त्या पकडल्या की तो तिथं आहे हे कळतं, असं घसा फोडून सांगितलं. अध्यक्षांसकट पहिली रांग खुशाल डुलक्या घेत होती. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, थांबा, वासानंच जागं करते सगळ्यांना.

नमुना म्हणून बाटली बरोबर होतीच; प्रयोगशाळेतले ड्रॉपर फुटले होते, म्हणून मी घरची पूजेची पळी आणली होती. शुद्ध अल्कोहोल अध्यक्षांच्या तळहातावर घातलं. "वास घ्या" म्हणेपर्यंत त्यांनी डोळे मिटून ते पिऊन टाकलं आणि हात डोक्यावरून फिरवला.

"कसलं तीर्थ म्हणायचं ह्ये, बाई? लई जाळतंय की."

गेली नोकरी! काहीतरी थाप मारावी असं वाटलं. पण तासभर शास्त्र सांगून थाप कुठल्या तोंडानं मारणार?

"अल्कोहोल आहे."

"म्हंजे दारूच की!"

"हो."

त्यांनी तळहात धोतराला पुसला.

"आन् त्यो ढग किती लांब हाय?"

"हजारो प्रकाशवर्षं."

"मग बरं हाय. तितवर एस.टी. न्हाय."

हशा पिकला. मी मात्र पळी पदराआड लपवली.

नंतर ऑफिसात त्यांनी माझा कागद मागवला. "तुमी पाणी म्हणून सांगितलं असतं, तरी मी मानलं असतं," म्हणाले आणि सही ठोकली. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. ते मात्र उठेनात. तळहाताकडे बघत बसले.

"माझा थोरला भाऊ हिच्यापायी गेला. मी जन्मात कधी चाखली न्हवती."

त्यांनी तळहात नाकाशी नेऊन हुंगला.

"येवढ्याशा चवीसाठी गेला व्हय त्यो, बाई?"