गप्प बसलेला काळा पडदा

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, शिलाई मशिनं दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानात सगळे स्क्रू एकाच पत्र्याच्या डब्यात असतात. लहान, मोठे, नवे, गंजलेले, सगळे. "वेगवेगळे ठेवले तर एकटे पडतील बिचारे," असं दाजींचं म्हणणं. मशीन दुरुस्त करायला लागतो त्याहून जास्त वेळ ते डबा हलवण्यात घालवतात, असं ताईचं.

अलीकडे त्यांना आणखी एक नाद लागलाय. मोबाइलवर काळा पडदा उघडायचा आणि त्यात जाडजूड अंगठ्यांनी पांढऱ्या अक्षरांत कमांड, म्हणजे फोनला द्यायचा हुकूम, लिहायची. फोटोंवर एकेक टिचकी मारत बसणाऱ्यांची त्यांना कीव येते. "एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, ढीगभर फायली इकडच्या तिकडे!" ती एक ओळ बिनचूक उमटेपर्यंत चहा गार होतो, हे मात्र ते सांगत नाहीत.

त्या पडद्याची एक रीत आहे. काही चुकलं तर तो कुरकुरतो, काम झालं तर चकार शब्द काढत नाही. दाजींना ही रीत फार पसंत. "गप्प आहे ना? मग सगळं ठीक आहे." ताईच्या गप्प बसण्याचा अर्थही ते असाच लावत आले. परिणाम आम्ही अधूनमधून ऐकतो.

दाजींच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान मध्यंतरी वारले. कमालीचा विसराळू माणूस. घरून निघाले की निम्म्या वाटेवरून "कुलूप लावलं का?" म्हणून परत. शेवटी त्यांनी युक्ती काढली. निघताना दारातच मोबाइलमध्ये बोलून ठेवायचं, "गॅस बंद केला. कुलूप लावलं. चावी डाव्या खिशात." वाटेत शंका आली की आपलंच आपण ऐकायचं आणि पुढे चालू लागायचं. दर महिन्याचा वेगळा फोल्डर करून ही रेकॉर्डिंग त्यांनी जपली होती. तो फोन आता मध्येच बंद पडायचा. अक्का म्हणाल्या, "बाळ्या, हा कायमचा मिटायच्या आत त्यांचा आवाज तेवढा माझ्या फोनात आण रे."

दाजींनी जुन्या फोनात मेमरी कार्ड घातलं, काळा पडदा उघडला. "अक्काला इतक्या फोल्डरांत शोधाशोध नको," म्हणून सगळ्या महिन्यांतल्या सगळ्याची नक्कल कार्डावरच्या एकाच फोल्डरात ओतली. पडदा गप्प. दाजी खूश. कार्ड अक्कांच्या फोनात गेलं, "गॅस बंद केला" असं घरभर घुमलं, अक्कांनी डोळे टिपले.

काही आठवड्यांनी ताई त्यांच्याकडे जाऊन आली. "अहो, अक्का ती रेकॉर्डिंग ऐकतच नाहीत आता."

"काही बोलली?"

"नाही."

"मग ठीक आहे."

"ठीक कसलं डोंबलाचं! अक्का माणूस आहेत, तुमचा काळा पडदा नाही!"

दाजी अक्कांकडे निघाले, मीही मागोमाग. अक्का आधी "काही नाही, काही नाही" म्हणाल्या, मग हळूच म्हणाल्या, "एक सापडत नाही रे. मी आजारी होते, त्या पहाटेचं. असू दे. तू एवढं केलंस, तुला कुठं सांगायचं."

दाजींनी फोन हातात घेतला आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक महिन्यातल्या फायलींची नावं "रेकॉर्डिंग एक"पासून सुरू होत होती! एकाच फोल्डरात आल्यावर पुढचा एक मागच्या एकाच्या डोक्यावर बसला, दोन दोनाच्या. उरला तो शेवटचा. डब्यातले स्क्रू एकमेकांना गिळत नाहीत. फायली गिळतात, आणि वर ढेकरही देत नाहीत.

"अक्का, जुना फोन कुठाय?"

"तो ना? शेजारीण म्हणाली, जुना फोन दिला की नव्या मिक्सरवर सूट मिळते."

दाजींचा चेहरा उतरला. "दिलास?"

"छे! माझा मिक्सर चालतोय की अजून."

कपाटातून फोन निघाला तो बॅटरी फुगून पोट सुटलेला. ओळखीच्या दुकानात नवी बॅटरी बसेपर्यंत दाजी काउंटरला धरून उभे होते. फोन उजळला. या वेळी त्यांनी फोल्डर होते तसेच, महिन्या-महिन्यासकट कार्डावर नेले. पडदा गप्पच. पण दाजींचा आता त्याच्यावर विश्वास नव्हता. दोन्हीकडच्या फायली त्यांनी त्यालाच मोजायला लावल्या, आकडे जुळल्यावर पुन्हा एकदा लावल्या, आणि मगच अक्कांकडे गेलो.

अक्कांनी महिना सांगितला. आवाज आला, कुजबुजता. "गॅस बंद. ही आत्ता कुठे झोपलीय, उठवलं नाही. दार हळूच ओढून घेतलं. चावी... चावी आतच राहिली वाटतं."

"आणि बेल वाजवली नाही रे त्यांनी," अक्का म्हणाल्या. "मी उठेपर्यंत पायरीवर बसून होते. वेडा माणूस."

मग त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दाजी अस्वस्थ होऊन पुढे सरकले. "अक्का, गप्प का? हेच ना? की अजून काही राहिलं?"

"हेच," अक्का म्हणाल्या. "परत लाव."

हल्ली दाजी ताईलाही विचारतात, "का गं, गप्प का?" दिवसातून कितीदा तरी. ताई म्हणते, पूर्वीचे बरे होते.