लूमला पुरून उरणारी गिटार

आमच्या भिवंडीत हळू कुणी बोलत नसे. हळू बोलणारा माणूस एक तर आजारी असायचा, नाहीतर काहीतरी मागायला आलेला असायचा. घराखाली कापड विणणारे आमचे चार लूम, शेजारच्यांचे सहा, त्यापलीकडे सगळी गल्लीच लूमची. शुक्रवारी वीज बंद असायची तेवढी सोडली तर रात्रंदिवस खटाखट चालू. आई जिन्यात उभी राहून "जेवायला या" हे अशा आवाजात सांगायची की नवख्या पाहुण्याला वाटावं, घरात जुंपली. नाही हो, नुसता भात वाढलाय.

अशा घरात मला गिटार शिकायची हुक्की आली! ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी कल्याणच्या कॉलेजात जायचे आणि तिथल्या एका मैत्रिणीनं मला तिच्या गिटारीवर एक छोटीशी धून शिकवली होती. बाबांकडे हट्ट धरला तर म्हणाले, बारावीला पहिला वर्ग आण, मग बघू. मिळणार नाही अशी त्यांची खात्री असावी. मिळाला. आणि बाबा शब्दाचे पक्के.

आई म्हणाली, "बघायला आलेल्यांपुढं काय ते लाकूड घेऊन बसणार आहेस?"

"हो. बघूनच पळतील. तुझे पोहे वाचतील."

मैत्रिणीनं बजावलं होतं, पहिलीच घेतेयस तर नायलॉनच्या तारांची घे, बोटं सोलत नाहीत, आवाज मऊ असतो. एवढं माहीत असल्यावर मी एकटी जाऊन घेऊन आले असते. पण आमच्याकडे जाणकार माणूस बरोबर नेल्याशिवाय कुणी साधी बादली घेत नाही. म्हणून आईनं अंजूरहून माझ्या मामाला बोलावलं. मामा जाणकार कशातला? एका व्यापाऱ्याकडे कापडाचे तागे तपासायचा. "त्याच्या नजरेतून खोट सुटायची नाही," आई म्हणाली. झालं! बाबा, मामा आणि मी अशी वरात एस.टी.नं ठाण्याला निघाली.

दुकान पेट्या-तबल्यांचं होतं, गिटारी होत्या तीनच. त्यातली मधली मधाच्या रंगाची, नायलॉनच्या तारांची. दुकानदार सालस माणूस, त्यानं ती खाली काढून हलक्या हातानं छेडली मात्र, मला दुसरं काही दिसेना. ती मला हवी होती. तीच हवी होती. तिच्याशिवाय घरी जायचं नाही असं मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं.

मामानं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि दारात उजेडाला धरली, ताग्यातला तुटका धागा शोधतात तशी. मग नखानं खरवडली. मग टिचकी मारली. मग मधल्या भोकाला डोळा लावून आत बघितलं आणि त्याचा चेहराच पडला.

"भावोजी," तो हळहळून म्हणाला, "ही आतनं पोकल हाय. आत मालच न्हाय घातला."

दुकानदारानं समजावलं की गिटार पोकळच असते. मामा माझ्याकडे वळून डोळे मिचकावत म्हणाला, "ह्यो असाच बोलनार. दुकानदार हाय."

मी म्हटलं, "मामा, ढोलकी पण पोकळ असते!"

"म्हनूनच स्वस्त असते," मामा म्हणाला.

इथवर ठीक होतं. मामाला गप्प करता येतं. खरा घोळ बाबांनी घातला. ते इतका वेळ पाठीमागे हात बांधून उभे होते. पुढे आले आणि दुकानदाराला म्हणाले, "इथं काय, तुमचं दुकान म्हणजे देऊळ. आमच्या घरी वाजायला पाहिजे." आणि कोपऱ्यातला लाकडी खोका ओढून मामापुढे ठेवला. "बडव. लूम कर."

मामाला एवढंच हवं होतं. त्यानं बाह्या सरसावल्या आणि खोका बडवायला लागला, खटाखट खटाखट. रस्त्यावरची माणसं दारात जमली. दुकानदार बिचारा कपाळावर आठ्या घालून मधाच्या रंगाची गिटार वाजवत होता.

"एकाच लूमचा आवाज आहे हा," बाबा म्हणाले. "आपले चार आहेत." आणि दुसरा खोका माझ्यापुढे सरकवला. "तू पण बडव."

काय सांगू! माझ्याच आवडत्या गिटारीविरुद्ध मला खोका बडवायला बसवलं. मीही काही कमी नव्हते, मी अगदी हळूहळू थापट्या मारायला लागले. बाबांच्या लगेच लक्षात आलं. "हा काय लूम आहे? असा चालवला तर मजूर घरी जातील. हात चालव!"

बडवला. मधाच्या रंगाची वाजली, बाबांनी मान हलवली. दुसरी वाजली, पुन्हा तेच. तिसरी होती काळी, स्टीलच्या तारांची. दुकानदारानं तिच्यावर प्लॅस्टिकची टिकली ओढली आणि ती अशी किंचाळली की मामाचा हात खोक्यावर थांबला. बाबांचा चेहरा उजळला.

"ही द्या."

"बाबा, ही नको! ती द्या ना, मला ती आवडलीय."

"जी ऐकूच येत नाही तिची काय पूजा घालायचीय?"

मी रडले, पाय आपटले, काही उपयोग झाला नाही.

घरी आल्यावर काळीचे गुण कळले. तारा बोटं कापणाऱ्या, त्याही फळीपासून इतक्या उंच की दाबता दाबता जीव जायचा. पहिल्यांदा वाजवली तेव्हा खालून लूमवरचा कारागीर जिन्यात येऊन ओरडला, "दीदी, ऊपर पट्टा टूटा क्या?" बोटांना फोड आले ते आईला दाखवले तर म्हणाली, "पोळ्या लाटायच्या आधीच दुखायला लागली होय ग!" मी धुमसत होते. एकदा अंगठ्याच्या मांसल बाजूनं तारा छेडून बघितल्या, तर काळीतूनसुद्धा मऊ आवाज निघाला. मग मी तशीच वाजवायला लागले. नुसता मोठा आवाज बघून केलेली बाबांची निवड चुकली हे दाखवून द्यायचं होतं मला.

शुक्रवार आला. लूम बंद. गल्ली इतकी शांत की कुणाच्या तरी घरची कुकरची शिट्टी ऐकू येत होती. बाबा आंघोळ करून वर आले, माझ्यासमोर खाटेवर बसले आणि म्हणाले, "हं, ऐकव."

मी अंगठ्यानं ती धून वाजवली. पहिल्यांदाच न चुकता, अगदी शेवटपर्यंत. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अग बाई, छान वाजवलंस की!"

मी मान वर केली. बाबा माझ्याकडेच बघत होते, डोळ्यांत तीच उत्सुकता.

"झाल्या ना तारा लावून?" ते म्हणाले. "वाजव आता."

मला आधी राग आला. वाटलं, टोमणा मारतायत. मग बघितलं तर ते माझ्या ओठांकडे बघत होते, मी काय म्हणतेय ते कळावं म्हणून. जन्मभर ते माझ्याशी बोलताना असं रोखून बघायचे आणि मी त्याला धाक समजायचे. आमच्या घरात सगळेच ओरडून बोलणार, कुणाला कळणार होतं? आई दोन खोल्यांपलीकडून ऐकत होती आणि बाबांना हातभर अंतरावरून काही ऐकू आलं नव्हतं.

मी टिकली उचलली. फोडांवर स्टीलच्या तारा दाबल्या आणि असेल नसेल तेवढी ताकद लावून तीच धून पुन्हा वाजवली. आग आग झाली बोटांची. खिडकीतून शेजारीण डोकावली, आई कानांवर हात ठेवून दारात आली.

बाबांनी मांडीवर ताल धरला.

"आलं, आलं!" ते हसत आईला ओरडून म्हणाले. "पोरीचं मला ऐकू आलं!"