घरात बंदुका आहेत का?

अमेरिकेत नोव्हायला घर घेतल्यापासून मी बेसमेंटमध्ये जुन्या लष्करी रायफली दुरुस्त करत बसतो. मागच्या शुक्रवारी लेकीची मैत्रीण पहिल्यांदाच आमच्याकडे झोपायला येणार होती. दुपारी तिच्या आईचा फोन आला. जरा संकोचूनच तिने विचारलं, "तुमच्या घरात बंदुका आहेत का?"

माझ्या छंदाबद्दल आजवर कुणी आपणहून विचारलं नव्हतं. मी खुलून बोलतच सुटलो. महायुद्धातली रायफल कशी मिळाली, गंजून बसलेला बोल्ट सोडवण्यात अख्खा हिवाळा कसा गेला, जवसाचं तेल चोळलं की दस्त्याचं अक्रोडी लाकूड कसं उजळतं, सगळं सांगितलं. "मुलगी आली की तिलाही दाखवतो ना!" असंही म्हणालो.

मग ती हळूच म्हणाली, "मुलींना आज आमच्याकडेच झोपू द्याल का?"

मी फोन ठेवला तेव्हा बायको माझ्याकडे बघत होती.

"अरे, ती काळजीने विचारत होती. कुलपात असतात, एवढं तरी सांगायचंस!"

नेमकं तेवढंच राहिलं होतं. माझे कान तापले.

लेकीने हॉलमध्ये दोन गाद्या घालून ठेवल्या होत्या. "बट बाबा, इट वॉज माय टर्न," ती रडवेली होऊन म्हणाली. तिची उशी उचलून मी तिला गाडीने सोडायला निघालो.

त्या आईने दारातच, खरं सांगितल्याबद्दल माझे मनापासून आभार मानले. माझ्याने मान वर करवली नाही.